समुद्राची मुदत ठेव

मराठीत ‘बुडणे’ हे क्रियापद चांगल्या अर्थानं वापरायची वेळ फारशी येत नाही. होडी बुडते, शाळा बुडते, धंदा बुडतो, पैसे बुडतात, आणि एखाद्याचं फारच वाईट झालं तर घर बुडतं. सूर्य बुडतो तेवढा अपवाद. तोही दुसऱ्या दिवशी उगवायची खात्री असते म्हणून. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींबद्दल वाचायला लागले तेव्हा पहिल्यांदा हे क्रियापद मला उलट्या बाजूनं पाहावं लागलं. या वनस्पती बुडल्या तरच त्यांच्या कामाचं चीज होतं. वर राहिल्या, तर केलेलं सगळं काही दिवसांत हवेत परत.

मी जर्मन, बंगाली आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. शिक्षण तौलनिक साहित्याचं, जादवपूरचं; गेली वीस वर्षं मुक्काम कोलकात्यात. विज्ञानाशी नातं पोटापाण्याचं. कादंबरीच्या भाषांतरावर घरभाडं निघत नाही, माहितीपत्रकांवर निघतं. अशाच एका कामातून हा विषय माझ्याकडे आला. एका कंपनीला कोकण किनाऱ्यावरच्या गावांत वाटण्यासाठी मराठी पत्रक हवं होतं. समुद्रात सूक्ष्म वनस्पतींची वाढ घडवून आणायची, त्यांनी घेतलेल्या कार्बनचा हिशेब मांडायचा आणि तो ‘क्रेडिट’ म्हणून विकायचा, अशी योजना. चार पानी पत्रक, भरपूर निळी-हिरवी चित्रं. मूळ इंग्रजी मजकूर गोड आणि आटोपशीर होता. समुद्र आपला धूर पिऊन टाकतो आणि पिणारे हे चिमुकले जीव आहेत, एवढंच काय ते त्याचं म्हणणं.

शब्दांपासून सुरुवात करायची माझी सवय आहे, म्हणून आधी ‘प्लँक्टन’ घेतला. हा शब्द कील विद्यापीठातल्या व्हिक्टर हेन्सेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भरकटणारा. ‘ओडिसी’च्या अगदी आरंभी नायकाच्या भटकंतीसाठी जे क्रियापद येतं, त्याच कुळातला हा शब्द. आपल्याकडे त्याला ‘प्लवक’ म्हणतात. संस्कृत ‘प्लु’ धातूवरून, म्हणजे तरंगणारा. वनस्पतिवर्गातला तो वनस्पतिप्लवक. ग्रीकनं त्यांची दिशाहीनता पाहिली, संस्कृतनं त्यांचं न बुडणं. दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत. फक्त हवामानाच्या दृष्टीनं ज्या घटनेला महत्त्व आहे, ती दोन्ही नावांच्या बाहेर राहते. तरंगणाऱ्याचं तरंगणं संपल्यावर काय होतं?

आकडे आधी सांगून टाकते. पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जेवढा कार्बन सजीवांच्या शरीरात बांधला जातो, त्यातला जवळपास निम्मा समुद्रातले हे प्लवक बांधतात. उरलेला निम्मा जमिनीवरची सगळी जंगलं, गवताळ रानं आणि शेतं मिळून. पण जगातल्या एकूण वनस्पतींच्या वस्तुमानात प्लवकांचा वाटा एक टक्काही भरत नाही. इतक्या थोड्या ऐवजावर इतकी मोठी उलाढाल कशी होते? कारण प्लवकाचं आयुष्य काही दिवसांचं. झाड कार्बन खोडात साठवतं, वर्षानुवर्षं उभं राहतं. प्लवकाला खोड नाही, मूळ नाही, साठवणीची जागाच नाही. त्याचं हातावर पोट. आज कमावलं, उद्या कुणीतरी खाल्लं किंवा ते कुजलं, आणि बांधलेला कार्बन पुन्हा पाण्यात विरघळला.

पत्रकातलं दुसरं वाक्य ‘अ‍ॅब्सॉर्ब’ या क्रियापदावर उभं होतं. मराठीत त्याला सरळ शब्द ‘शोषणे’. झाडं शोषतात, माती शोषते, टीपकागद शोषतो. पण त्याच क्रियापदाचं नाम केलं, ‘शोषण’ म्हटलं, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सावकार उभा राहतो. हिंदीनं पाठ्यपुस्तकांत ‘अवशोषण’ वेगळं काढून सोय करून घेतली आहे. बंगालीची आपल्यासारखीच पंचाईत. तिथेही ‘शोषण’ म्हणजे पाणी टिपणं आणि माणूस पिळणं, दोन्ही. मी ‘समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो’ असं लिहिलं. त्यावर कंपनीकडून निरोप आला: शब्द कोरडा वाटतो, ‘गिळून टाकतो’ करता येईल का?

इथे मी अडले. ‘टाकणे’ हे मराठीतलं फार पक्कं सहायक क्रियापद. खाऊन टाकलं, विकून टाकलं, संपवून टाकलं: ते जोडलं की क्रियेवर पडदा पडतो, पुढे काही विचारायचं राहत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला आपण ‘गिळून टाकतो’ सांगितलं, तर त्याला ऐकू येणार की विषय संपला. विषय संपतो का, हे पाहिल्याशिवाय मला ते लिहिता येईना. म्हणून मी वाचायला बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की पत्रकात दोन वेगळ्या कहाण्या एकत्र शिवल्या होत्या. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण एक चतुर्थांश समुद्र घेतो, हे खरं. पण हे जादाचं घेणं मुख्यतः रसायनशास्त्राचं आणि भौतिकशास्त्राचं काम आहे. हवेत वायूचं प्रमाण वाढलं की तो पाण्यात जास्त विरघळतो, पाण्याशी संयोग पावून त्याचं बायकार्बोनेट बनतं, आणि ध्रुवांकडचं थंड, जड पाणी तो घेऊन खाली उतरतं. प्लवक हे करत नाहीत. आपण जास्त धूर सोडला म्हणून ते जास्त जेवत नाहीत, कारण त्यांना तोटा कार्बनचा नसतोच. तोटा असतो तो नत्राचा, फॉस्फरसचा, लोहाचा, कधी उजेडाचा. पानात भात कितीही वाढला तरी आमटी नसेल तर जेवण पुढे सरकत नाही, तसं.

मग प्लवकांचं काम कोणतं? ते फार जुनं आहे, आपल्या धुराच्या कितीतरी आधीपासून चाललेलं. वरच्या उजेडाच्या थरात ते पाण्यातला कार्बन उचलतात. वरच्या पाण्यात त्यामुळे उणीव पडते, ती भरायला हवेतला वायू पाण्यात उतरतो. उचललेल्या कार्बनचा बराचसा भाग तिथेच खाल्ला जातो, कुजतो, परत मिळतो. थोडा भाग मात्र खाली जातो: मेलेल्या पेशी, त्यांचे चिकट गुंते, त्यांना खाणाऱ्या जीवांची विष्ठा. रोज संध्याकाळी वर चरायला येणारे आणि पहाटे खोल उतरणारे असंख्य छोटे जीवही आपल्या पोटातून तो खाली नेतात. शास्त्रज्ञ याला जैविक पंप म्हणतात. समुद्रात आज हवेतल्यापेक्षा चाळीसपटीहून जास्त कार्बन आहे, आणि तो वरच्यापेक्षा खालच्या पाण्यात अधिक आहे, याचं मोठं श्रेय या पंपाला जातं. तो बंद पडला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पुष्कळ वाढेल. पण चालू असणारा पंप जोरात चालवता येतो का, हा प्रश्न पूर्ण वेगळा.

खाली जाणाऱ्या या कणांना एक नाव आहे: सागरी हिम. १९५० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ‘कुरोशिओ’ नावाच्या बुडीकक्षातून खाली उतरून खिडकीबाहेर पाहिलं, प्रकाशझोतात पांढरे पुंजके सावकाश झरताना दिसले, आणि त्यांनी हे नाव दिलं. होक्काइडोच्या माणसाला हिम सुचणं साहजिक आहे. मला सुचली ती आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी. दळण थांबल्यावरही हवेत पीठ उडत राहतं, आणि मग हळूहळू तराजूवर, डब्यांच्या झाकणांवर, गिरणीवाल्याच्या भुवयांवर बसतं. त्याला ‘भुरभुर’ म्हणावं. एकटी पेशी दिवसाला जेमतेम मीटरभर खाली सरकते, तिला तळ गाठायला वर्षं लागतील, त्याआधीच तिचा फडशा पडतो. पण अनेक पेशी चिकटून गुंता झाला तर तो दिवसाला शंभर मीटर आणि त्याहूनही जास्त उतरतो. बुडायचं तर गर्दीनं आणि लवकर बुडायला हवं.

जर्मन येत असल्यामुळे मी एका जहाजापर्यंत पोचले, आणि तिथे अचानक एक हिंदी शब्द भेटला. ७ जानेवारी २००९ रोजी ‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाउनहून दक्षिण महासागराकडे निघालं. गोव्यातल्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा तो संयुक्त प्रयोग. जहाजावरच्या शास्त्रज्ञांत निम्म्याहून अधिक भारतीय. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स: हिंदी ‘लोहा’ आणि ‘फर्टिलायझेशन एक्स्परिमेंट’चं इंग्रजी लघुरूप, एका शब्दात सांधलेलं. भारतीय बाजूचे प्रमुख वाजिह नक्वी, जर्मन बाजूचे व्हिक्टर स्मेटाचेक. स्मेटाचेक हे भारतात वाढलेले, त्यामुळे ही सांधेजोड त्यांना परकी वाटली नसावी.

प्रयोगामागची कल्पना जुनी होती. कॅलिफोर्नियातले जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं की दक्षिण महासागरात नत्र-फॉस्फरस मुबलक असूनही प्लवक कमी आहेत ते लोहाच्या टंचाईमुळे. अर्धं टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, असं ते गमतीनं म्हणाले. त्यांचं विधान गाजलं, त्यातली गंमत मागे पडली. मार्टिन १९९३ मध्ये वारले. त्यानंतर काही महिन्यांतच गालापागोस बेटांजवळ पहिला प्रयोग झाला आणि लोह टाकल्यावर पाणी खरोखरच हिरवं झालं.

लोहाफेक्स निघालं तेव्हा मात्र वातावरण तापलेलं होतं. २००८ मध्ये जैवविविधता कराराच्या बॉनमधल्या बैठकीत समुद्राला असं खत घालण्यावर बंधनं आली होती, आणि समुद्रात कचरा टाकण्याविरुद्धच्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी खऱ्या संशोधनापुरतीच त्याला मुभा ठेवली होती. जर्मन बातम्या वाचताना मला गंमत वाटली ती शब्दांची. शास्त्रज्ञ म्हणत होते ‘ड्युंगुंग’, म्हणजे चक्क शेणखत घालतात तो शब्द. विरोधक म्हणत होते हे समुद्रात टाकणं आहे, ओतणं आहे. तेच लोह, तीच नळी, तेच पाणी. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयानं हरकत घेतली, संशोधन मंत्रालयानं तज्ज्ञांची मतं मागवली, आणि जहाज समुद्रात असतानाच जानेवारीच्या अखेरीस परवानगी मिळाली.

पाण्याच्या एका मोठ्या भोवऱ्यात, सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, आयर्न सल्फेटच्या रूपानं काही टन लोह दोन वेळा सोडण्यात आलं आणि एकोणचाळीस दिवस त्या पट्ट्याचा पाठलाग केला गेला. हरितद्रव्य दुप्पट झालं. उपग्रहाच्या चित्रात बघणारा खूष व्हावा असं. पण खाली काय उतरलं? जवळजवळ काहीच नाही. कोपेपॉड नावाचे तांदळाएवढे कवचधारी जीव तिथे टपलेले होते, त्यांनी वाढलेलं पीक जागच्या जागी फस्त केलं. त्यांना त्यांच्याहून मोठ्या जीवांनी खाल्लं. घेतलेला कार्बन वरच फिरत राहिला.

हे का झालं, याचं उत्तर मला या सगळ्या वाचनात सर्वांत आवडलं. समुद्रात बुडायला सर्वांत लायक प्लवक म्हणजे डायाटम. मराठीत त्यांना ‘करंडक वनस्पती’ असं नेमकं नाव आहे. त्यांचं कवच सिलिकेचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, आणि दोन भागांचं. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावं तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. या कवचामुळे त्या जड होतात, खाणाऱ्याला अवघड जातात आणि साखळ्यांनी गुंतून लवकर उतरतात. त्याच स्मेटाचेकांच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये झालेल्या आयफेक्स या प्रयोगात डायाटमचंच पीक आलं होतं. पाच आठवडे नजर ठेवल्यावर दिसलं की बहर सरताना त्यातला निदान निम्मा जैवभार हजार मीटरच्याही खाली गेला. २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोहाफेक्सच्या जागी मात्र पाण्यात सिलिकाच शिल्लक नव्हती, आधीच्या डायाटमनी ती संपवली होती. करंडा घडवायला काच नव्हती. डायाटमचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत राहिलं. जे वाढले ते मऊ, बिनकवचाचे, चवीचे.

याचा अर्थ लोहाफेक्स फसला असा मी घेत नाही. एक महत्त्वाची गोष्ट त्यानं दाखवून दिली: हिरवं होणं ही पावती आहे, शिल्लक नव्हे.

पावती आणि शिल्लक यांतला फरक आमच्या घराला वेगळ्या वाटेनं माहीत आहे. अण्णा हायस्कूलमधून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या रकमेतला मोठा भाग त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेव म्हणून ठेवला. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त, मॅनेजर त्यांचाच विद्यार्थी. काही वर्षांनी संस्था बुडाली. प्रशासक आला, मग अवसायक आला, तारखा पडत राहिल्या. आईच्या आजारपणात आम्हाला ती रक्कम हवी होती, तेव्हा आमच्याकडे फक्त ठेवपावती होती: गुलाबी कागद, त्यावर सही, शिक्का, रक्कम अक्षरी आणि अंकी. पावती खोटी नव्हती. पैसे घेतले होते हेही खरं होतं. अण्णा अजूनही ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात.

एकदा फोनवर मी त्यांना कोपेपॉडची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या घरातला माणूस, गणिताचा शिक्षक. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, घेतलं किती ते सगळेच सांगतात. ठेवलं कुठे आणि किती दिवसांसाठी, ते विचार त्यांना.”

त्यांच्या या बोलण्यानं माझा एक शब्द सुटला. ‘सीक्वेस्ट्रेशन’ला मराठीत काय म्हणावं, यावर मी अडखळत होते. लॅटिन मुळात हा हवामानाचा शब्दच नाही. ज्या तिसऱ्या माणसाकडे वादातली वस्तू विश्वासानं सोपवतात, त्याला ‘सेक्वेस्टर’ म्हणत. म्हणजे ठेव. समुद्राच्या बाबतीत ती मुदत ठेवच आहे, आणि मुदत ठरते खोलीवर. वरच्या शंभर मीटरमध्ये राहिलेला कार्बन चालू खात्यातला. येत्या हिवाळ्यात वारं पाणी ढवळेल तेव्हा तो परत हवेत. हजार मीटरच्या खाली पोचलेला शेकडो वर्षं बाहेर येत नाही. आणि वर बांधल्या गेलेल्या कार्बनपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग तळाच्या गाळात पुरला जातो. त्याची मुदत लाखो वर्षांची.

पत्रक ज्या समुद्राबद्दल होतं, त्या अरबी समुद्राच्या खात्यात काय आहे? त्याचं पासबुक फार पूर्वीपासून भरलं जात आहे. १९८६ पासून गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी अरबी समुद्रात खोलवर गाळ-सापळे टांगले. सापळा म्हणजे एक प्रचंड नरसाळं. त्याच्या तळाशी बाटल्यांचं चक्र, जे ठरावीक दिवसांनी फिरतं आणि नवी बाटली तोंडाखाली आणतं. वरून जे भुरभुरेल ते त्या त्या बाटलीत जमतं. वर्षाच्या बाटल्या ओळीनं मांडल्या तर कोणत्या महिन्यात किती उतरलं ते दिसतं. १९८९ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले: सर्वांत जास्त भर पडते ती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत. सोमालिया-ओमानकडे वारं वरचं पाणी बाजूला लोटतं, खालचं खतावलेलं पाणी वर येतं, प्लवक माजतात आणि मग बुडतात.

हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या भाषेत हिम हा ऐकीव शब्द, पण पाऊस हाडामांसाचा. कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, नारळी पौर्णिमेची वाट बघत जाळी विणली जात असतात, आणि त्याच दिवसांत दूर समुद्राच्या आतही एक पाऊस चालू असतो. वरचा चार महिन्यांत ओसरतो. खालचा उजेड नसलेल्या पाण्यातून उतरत राहतो, बाटलीत मोजला जातो.

पण पासबुकाला दोन रकाने असतात. खालचं पाणी वर येतं तेव्हा ते नुसतं खत आणत नाही, पूर्वी बुडालेला कार्बनही घेऊन येतं. मुदत संपलेल्या ठेवीच त्या. वर आल्या की त्यांतला काही भाग हवेत सुटतो. १९९० च्या दशकातल्या मोजण्यांतून स्पष्ट झालं की प्लवकांनी इतका समृद्ध असलेला अरबी समुद्र एकूण हिशेबात हवेला कार्बन डायऑक्साइड देणारा आहे, घेणारा नाही. पत्रकातल्या हिरव्या नकाशावर नेमका हाच समुद्र ‘कार्बन सिंक’ म्हणून रंगवला होता. ‘सिंक’ला जर्मनमध्ये ‘झेन्के’ म्हणतात, म्हणजे सखल भाग, जिथे पाणी वाहत येऊन साचतं. मराठी घरात सिंक म्हणजे भांडी घासायची जागा, जुन्या घरातली मोरी. मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं ते कुणी विचारत नाही, हाच त्या शब्दाचा धोका.

त्या समुद्रात आणखीही बदल चालू आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत प्लवक काही भागांत वीस टक्क्यांपर्यंत घटले असावेत. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्या खताशी त्याची मिसळण मंदावते. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात पूर्वी डायाटम वाढत. २००० नंतरच्या वर्षांत तिथे नॉक्टिल्युका नावाचा हिरवा जीव मोठ्या प्रमाणावर माजू लागला. रात्री लाटेबरोबर निळा उजेड पाडणारा, मुंबईच्या किनाऱ्यावर लोक मोबाइल घेऊन बघायला जातात तो याच्याच जातीचा. वरून पाहिलं तर हाही हिरवाच. याला ‘ब्लूम’ म्हणतात. मराठीत दोन शब्द उपलब्ध आहेत: बहर आणि उद्रेक. बहर आंब्याला येतो, उद्रेक साथीचा होतो. मूळ भाषेला एका शब्दात भागवता आलं, मला दर वेळी ठरवावं लागतं. डायाटमला मी बहर लिहिते, नॉक्टिल्युकाला उद्रेक.

कंपनीला मी पत्र लिहिलं. ‘गिळून टाकतो’ लिहिणार नाही, ‘घेतो’ लिहीन, असं कळवलं. त्याचबरोबर तीन गोष्टी मराठी पत्रकात असाव्यात असं सुचवलं: हा कार्बन किती खोल जाणार, किती वर्षं तिथे राहणार, आणि हे कोण, कशानं मोजणार. चौथी विनंती अशी की अरबी समुद्राचा नकाशा बदलावा. उत्तर सभ्य होतं. भाषांतरकारानं भाषेपुरतं पाहावं, तांत्रिक बाजू तज्ज्ञांनी तपासलेली आहे. मी झालेल्या पानांचे पैसे घेतले आणि काम परत केलं. त्या महिन्याचं भाडं एका चहाच्या कंपनीच्या सूचनापुस्तिकेवर निघालं.

भाषेपुरतं पाहावं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी भाषेपुरतंच पाहत होते. गावातल्या सभेत जो उठून प्रश्न विचारेल, त्याला तो प्रश्न सुचायला आधी क्रियापद उघडं मिळालं पाहिजे. ‘गिळून टाकतो’ वाचणाऱ्याला काय विचारावं ते कळणार नाही. ‘ठेवतो’ वाचणारा हमखास विचारेल, कारण या राज्यात ठेवीदार व्हायला आणि ठेवीच्या मागे फिरायला फार शिकावं लागत नाही.

माझ्या संगणकात एक शब्दसूची आहे, वर्षानुवर्षं वाढत आलेली. प्रत्येक शब्दापुढे प्रतिशब्द आणि कंसात स्वतःसाठी सूचना. प्लवकांच्या त्या पानावर आता ‘भुरभुर’ आहे, ‘करंडक’ आहे, बहर आणि उद्रेक शेजारी शेजारी आहेत. ‘बुडणे’च्या पुढे लिहिलं आहे: खोली सांगावी. आणि ‘ठेव’च्या पुढे: मुदत लिहिल्याशिवाय वापरू नये.